काटकोन, समकोण आणि शेताची मेड

सालाबादप्रमाणे गणपती बसले आणि सालाबादप्रमाणे मंडळाने आमच्याकडे लेख मागितला. आम्ही पडलो सरकारी नोकर. पॉलिटेक्निकची पदविका आणि वीसएक वर्षांची जमीन मोजणी, एवढीच आमची शिदोरी. तेव्हा यंदा त्रिकोणाचाच इतिहास सांगतो.

निमित्त घरातलेच. आमची कन्या घोकत होती, 'न्यूनकोण, समकोण, अधिककोण'. आमच्या मातोश्री जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "अगं, लघुकोन, काटकोन, विशालकोन म्हण." कन्या म्हणाली, "आजी, पेपरात काटकोन लिहिलं तर मार्क कटतील." दोघींचेही खरे होते. इंदुरात आपल्या घरोघरी हे चालतेच.

त्रिकोणाची दोन प्रकारे वाटणी करण्याची रीत फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या आरंभीच बाजूंवरून तीन आणि कोनांवरून तीन प्रकार सांगितले. आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने 628 साली सम, द्विसम आणि विषम हे बाजूंचे प्रकार मानले. कोनांच्या बाबतीत मात्र आपल्या गणितज्ञांची वाट वेगळी होती. ते कोन मोजत बसले नाहीत. शिरोबिंदूतून टाकलेला लंब कुठे पडतो, ते पाहत.

भास्कराचार्यांच्या 1150 च्या 'लीलावती'त हे फार सुरेख दिसते. 13, 14 आणि 15 बाजूंचा त्रिकोण घ्या. 14 च्या पायावर लंब टाकला तर तो आत पडतो, पायाचे 5 आणि 9 असे तुकडे होतात, लंब 12 आणि क्षेत्रफळ 84. आता 10 आणि 17 या बाजू आणि पाया 9 घ्या. एक तुकडा 15 येतो आणि दुसरा ऋण 6! ऋण म्हणजे उलट दिशेला, म्हणजे लंब पायाच्या बाहेर पडला. हाच आपला विशालकोन त्रिकोण. आणि 3, 6, 9 असे कोणी सांगितले तर ते क्षेत्रच नव्हे, काड्या मांडून पाहा, असे आचार्य बजावतात. याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे.

युक्लिडचा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणला तो सम्राट जगन्नाथ यांनी, 'रेखागणित' या नावाने. त्यांचे आश्रयदाते सवाई जयसिंह. आपल्या उज्जैनची वेधशाळा बांधणारे तेच.

आता कोणी म्हणेल, नावे काहीही असोत, फरक काय पडतो? आमच्या नोकरीच्या सुरुवातीचा एक प्रसंग सांगतो. दोन भावांच्या वाटणीचे सीमांकन होते. ऊन फार, म्हणून आम्ही शेताचा एक कोपरा लांबट, चपट्या त्रिकोणात उरकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा जरीब टाकली तर क्षेत्रफळ वेगळे. थोरला भाऊ काही बोलला नाही, पण आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती अजून आठवते. पैसे खाल्ले, असेच त्याला वाटले असणार.

चूक कुठे होती? आचार्यांचेच त्रिकोण घेऊन पाहा. 13, 14, 15 मध्ये 15 च्या जागी साडेपंधरा मोजले गेले तर क्षेत्रफळ 84 चे सुमारे 85.5 होते. पण 9, 10, 17 मध्ये 17 चे साडेसतरा झाले तर 36 चे जवळपास 32.3 उरते. चूक तेवढीच, पण पहिल्यात शेकड्याला दोनसुद्धा नाही आणि दुसऱ्यात दहा! म्हणूनच पदविकेच्या पुस्तकात नियम असतो की कोणताही कोन 30 अंशांहून लहान किंवा 120 अंशांहून मोठा नसावा. आम्ही नियम पाठ केला होता, पाळला नव्हता. मग तो कोपरा नव्याने पाडला, आणि दोघा भावांना जरीब धरायला लावून समोर मोजला. तेव्हा कुठे सह्या झाल्या.

साऱ्या हिंदुस्थानची मोजणीही अशाच त्रिकोणांच्या साखळीने झाली. 1802 साली मद्रासजवळ पहिली पायारेषा मोजणारे लॅम्बटन 1823 मध्ये वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला वारले. त्यांच्यामागून एव्हरेस्ट यांनी 1824-25 मध्ये आपल्याच प्रांतातल्या सिरोंजला पुढची पायारेषा मोजली. पायारेषा एकदाच मोजायची, बाकी सगळे कोनांवर. त्रिकोण वाईट निवडला तर चूक पुढच्या प्रत्येक त्रिकोणात जायची.

कन्येला आम्ही एवढेच सांगितले, की पेपरात समकोण लिही, घरात काटकोन म्हण. युक्लिडने कोन पाहिला, आचार्यांनी लंब पाहिला, आणि त्रिकोण तोच राहिला. तिने वहीच्या समासात दोन्ही नावे लिहून ठेवली आहेत. मातोश्रींनी चष्मा लावून ती तपासली आणि पुन्हा जपमाळ हाती घेतली.

गणपती बाप्पा मोरया!