बंदरावरचं गोडं पाणी

वाशिंदहून रोज मुंबईला जाणाऱ्या माणसाला विचारलं, की तुमच्या भागाचा इतिहास काय, तर तो माहुलीच्या किल्ल्याकडे बोट दाखवतो. माहुलीचा मान मोठाच आहे. पण तो माणूस ज्या फलाटावर उभा असतो, त्या फलाटालाही इतिहास आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोचली आणि १ ऑक्टोबर १८५५ रोजी वाशिंदला. पुढे आसनगावपर्यंतचा टप्पा सुरू व्हायला ६ फेब्रुवारी १८६० उजाडावं लागलं. म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ या बाजूची रेल्वे वाशिंदला संपत होती.

रेल्वेच्या या मानाविषयी पुष्कळ बोललं जातं. मला बोलायचं आहे ते तिच्या येण्यामुळे ज्यांचा धंदा हळूहळू मागे पडला, त्या खाडीतल्या नावाड्यांविषयी. आणि त्यातही त्यांच्या सोयींविषयी.

आता वाशिंदचा आणि नावांचा संबंध काय, असं कुणी विचारील. आमची भातसा गलबत येण्याजोगी नदी नाही. ती खडवलीवरून वाहत जाऊन काळूला मिळते, काळू उल्हासला मिळते, आणि कल्याणजवळ उल्हास नदीची खाडी होते. तिथे बंदर होतं. थळघाटातून उतरलेले बैलांचे तांडे आणि गाड्या शहापूर-वाशिंदच्या बाजूने कल्याण-भिवंडीच्या खाडीकडे जायच्या. मुरबाडकडून नाणेघाटाची वाट यायची. शहापूर-मुरबाडच्या रानातलं लाकूड, भात, गवत याच खाडीतून मुंबईला जायचं, आणि खाडीकडून मीठ वर यायचं. बंदर कल्याणला असलं, तरी त्याचं पोट आमच्या मुलखावर भरत होतं.

हे बंदर फार जुनं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’मध्ये त्याचं नाव आहे. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात याच खाडीत झाली. गलबतं बांधली कुठे, लढाया झाल्या कुठे, हे आपण आवडीने वाचतो. पण त्या गलबतावरचा खलाशी पाणी कुठून आणत होता, हा प्रश्न आपल्याला सहसा सुचत नाही.

खाडीतला मचवा भरती-ओहोटीवर चालतो. सुमारे सहा तास पाणी चढतं, सहा तास उतरतं. चढत्या पाण्याबरोबर कल्याणकडे यायचं, ओहोटी लागली की नांगर टाकायचा आणि पुढच्या भरतीची वाट बघायची. वारा पडला तर वल्ही मारायची. बंदराला लागल्यावरही माल भरेपर्यंत मुक्काम असायचा. त्यामुळे तांडेल आणि खलाशी यांचं घर म्हणजे ती नावच. तिथेच चूल, तिथेच अंथरूण. आणि भोवती एवढं पाणी असूनही ते खारं, भात शिजवायच्या कामाचं नाही. गोडं पाणी पिंपात भरून बरोबर न्यावं लागे.

म्हणून बंदरावरची पहिली सोय म्हणजे गोड्या पाण्याची विहीर. दुसरी, नाव बांधायला आणि ओहोटीत बुडाची डागडुजी करायला मोकळा, उताराचा किनारा. तिसरी, पावसाळ्यात नाव वर ओढून शाकारून ठेवण्याची जागा. कारण नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. चौथी, रात्रीचा दिवा आणि निजायला आडोसा. याहून नावाड्याचं मागणं मोठं नसतं.

या सोयी करायचं कोण? ज्यांचा माल जायचा, ते. आपल्याकडे वाटेवर पाणी देणं हे पुण्याचं काम होतं, तसंच ते व्यापाराच्या फायद्याचंही होतं. मुरबाड तालुक्यातल्या नाणेघाटात सातवाहन काळातल्या लेण्याजवळ खडकात खोदलेली पाण्याची टाकी आजही आहेत. कान्हेरीच्या एका लेखात कल्याणच्या सोनाराने पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, दान दिल्याची नोंद आहे. जिथून माल जातो तिथे पाणी ठेवायचं, हा व्यवहार या भागात दोन हजार वर्षांचा आहे.

रेल्वे आली आणि हा व्यवहार बदलला. घाटावरून आलेल्या मालाला वाशिंदला गाडीत चढण्याची सोय झाली. १८५६ साली दुसरा फाटा खोपोलीला पोचला. १ जानेवारी १८६५ रोजी थळघाट ओलांडून रूळ इगतपुरीला गेले, तेव्हा तर घाटावरच्या मालाला खाडीकडे बघायचं कारणच उरलं नाही. बंदर एका दिवसात मेलं नाही. रेती, गवत, लाकूड असा स्वस्त आणि जड माल पुढेही पडावांतून जात राहिला. पण ज्या मालावर व्यापाऱ्याला चार पैसे सुटत होते, तो गेला. त्याबरोबर विहीर उपसून घेणारा, धक्क्याचा दगड बसवणारा हातही गेला. पुढे खाडीत गाळ साठत गेला आणि किनाऱ्यावर भराव पडले. माल गेला की सोय जाते. पण ज्याचं पोट नावेवर आहे, तो माणूस तिथेच राहतो.

ही गोष्ट आपल्याच खाडीची आहे असं नाही. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात मालवाहतुकीसाठी कालव्यांचं जाळं खणलं गेलं. रेल्वे आल्यावर भाडी उतरली, तेव्हा नावाड्यांनी घरभाडं आणि मजुरी वाचवायला बायकामुलांसह नावेतच बिऱ्हाड केलं. त्यांची दैना इतकी झाली, की १८७७ साली तिथल्या पार्लमेंटला कायदा करावा लागला. प्रत्येक नावेची नोंद करायची, तिच्यात किती माणसं राहू शकतात ते ठरवायचं, मुलांच्या शाळेकडे लक्ष द्यायचं, अशा त्यातल्या गोष्टी होत्या. नावेत राहणारी माणसं सरकारी कागदावर आली, ती अशी.

आज तिथल्या कालव्यांवरची मालवाहतूक जवळजवळ संपली आहे, पण नावेत राहणारे आणि फिरणारे हजारो लोक आहेत. २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधले बहुतेक कालवे एक न्यास सांभाळतो. त्याला मिळणारं सरकारी अनुदान २०२७ पासून दरवर्षी कमी करत नेण्याचा निर्णय २०२३ साली जाहीर झाला. नावेत राहणाऱ्यांच्या तक्रारी काय आहेत? पाण्याचे नळ, संडासाची टाकी रिकामी करण्याची जागा, कचऱ्याचे डबे. जे खलाशाला कल्याणच्या बंदरावर हवं होतं, त्याच जातीचं हे मागणं आहे.

आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने देशातले १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरले. त्यात उल्हास नदी, वसईची खाडी आणि कल्याण-ठाणे-मुंबई हा ५३ क्रमांकाचा जलमार्ग आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत वसई-भाईंदर अशी माणसं आणि वाहनं नेणारी रो-रो सेवा सुरू झाली. कोलशेत, डोंबिवली इथल्या जेट्टींच्या योजना आहेत. याचा मला आनंदच आहे. पण या जेट्टींची चर्चा मी वाचतो, तेव्हा तिच्यात बोटीतून उतरणारा प्रवासी असतो, त्याची मोटार असते; जो दिवसभर पाण्यावरच असतो, तो नसतो. याच खाड्यांमध्ये बांबू धरून बुडी मारणारे आणि बादलीने रेती काढणारे मजूर लाकडी होड्यांवर राबत आले. कोळी बांधव तर पिढ्यान् पिढ्या इथेच आहेत. त्यांना आजही पिण्याचं पाणी कॅनमध्ये भरून सोबत न्यावं लागतं.

आणि गंमत अशी, की गोडं पाणी दूर नाही. भातसा धरणातून सोडलेलं पाणी नदीतून वाशिंदवरून खाली येतं, पिसे इथे उचललं जातं, पांजरापूरला शुद्ध होतं आणि मुंबईला जातं. मुंबईच्या पाण्यात सर्वांत मोठा वाटा या भातसेचा आहे. कोट्यवधी लिटर पाणी रोज या खाडीच्या शेजारून जातं. त्यातली एक लहानशी नळजोडणी धक्क्यावर आणणं काही अवघड काम नाही.

२०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने इंजिन नसलेल्या होड्यांचाही विचार केला आहे, आणि त्यांच्याबाबतची काही कामं राज्य सरकार स्थानिक संस्थांकडे सोपवू शकतं. तेव्हा हे मागणं खाडीकाठच्या ग्रामपंचायतीत आणि महापालिकेतही करता येईल. जेट्टीचा नकाशा मंजूर होतानाच त्यावर चार खुणा असाव्यात: एक नळ, एक संडास, एक निवारा आणि पावसाळ्यात होडी ओढून ठेवायला उताराची जागा. जेट्टी बांधून झाल्यावर या गोष्टी मागायला गेलं, तर जागा उरलेली नसते. म्हणून आत्ताच विचारायला हवं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)