रेटिनोब्लास्टोमा : उपचार आणि भवितव्य

दृष्टिपटलाच्या अपक्व पेशींतून उद्भवणारा लहान मुलांचा दुर्मीळ कर्करोग. सुमारे १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला होतो. बहुतेक रुग्ण पाच वर्षांच्या आतले. हा रोग होण्यासाठी जनुकावर दोन आघात व्हावे लागतात, असे अनुमान आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये मांडले. ते आरबी-१ जनुक १९८६ मध्ये हाती लागले.

बाहुलीत पांढरी चमक दिसते किंवा डोळा तिरळा होतो. बहुधा आईच्याच ते आधी लक्षात येते. डोळ्यात ‘फूल पडले’ असे समजून थांबू नये. फूल बुबुळावर असते. ही चमक आतून, बाहुलीमागून येते. निदानासाठी सुई घालून गाठीचा तुकडा काढत नाहीत, कारण त्याने रोग डोळ्याबाहेर पसरू शकतो.

गाठ लहान असेल तर लेझर किंवा अतिशीत उपचार करतात. मोठी असेल तर व्हिन्क्रिस्टीन, इटोपोसाइड, कार्बोप्लॅटिन या औषधांनी आधी आकसवतात. निवडक गाठींवर रुथेनियम-१०६ ची किरणोत्सारी चकती शिवतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ती देशात बनवली आहे. रोग फार वाढला असेल तर डोळा काढणे हाच खात्रीचा उपाय. अनेक कुटुंबे ‘डोळा काढणार’ हे ऐकूनच बाळाला घेऊन घरी परततात. त्या परतण्याइतके नुकसान दुसऱ्या कशानेही होत नाही. जखम भरल्यावर काही आठवड्यांत कृत्रिम डोळा बसवता येतो.

या उपचारांसाठी यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणीसारख्या पैनगंगाकाठच्या कोलाम-गोंडबहुल तालुक्यातून यवतमाळचे वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्राम, नागपूर असा प्रवास घडतो. पुढे मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय. जवळच्या पांढरकवड्याहून आदिलाबादमार्गे हैदराबाद मात्र मुंबईपेक्षा पुष्कळ जवळ, आणि तेथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था या रोगाचे मोठे केंद्र आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कोणते रुग्णालय बसते, हे निघण्यापूर्वीच विचारावे. अंगणवाडीत बालस्वास्थ्य पथक आले की डोळ्याची शंका तिथेच सांगावी.

रोग डोळ्यापुरता असताना नीट उपचार झाले, तर शंभरातील पंच्याण्णवहून अधिक मुले वाचतात. मेंदूत गेल्यावर आशा फार थोडी उरते. आनुवंशिक प्रकारात पुढे हाडांचा व इतर कर्करोग होण्याचा धोका असल्याने तपासण्या जन्मभर चालू ठेवतात, बाहेरून किरणोपचार शक्यतो टाळतात. धाकट्या भावंडांचे डोळे जन्मतःच तपासून घेतात.