दयेचा जमाखर्च

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचें नांव निघालें, कीं हातांत दिवा घेऊन आजारी शिपायांच्या रांगांतून फिरणारी करुणामूर्ति आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें उभी राहते. चित्र खोटें नाहीं, पण अपुरें आहे. बाईंचें अधिक टिकाऊ कार्य दिव्यापेक्षां त्यांच्या लेखणीनें केलें, असें आम्हांस वाटतें.

क्रिमियन युद्ध चालू असतां १८५४ च्या नोव्हेंबरांत बाई कॉन्स्टँटिनोपलसमोरील स्कुटारी येथल्या इंग्रजी लष्करी इस्पितळांत पोंचल्या. तेथें मृत्यूंच्या नोंदी होत्या, पण एका वहीचा दुसरीशीं मेळ नव्हता. अन्न, कपडे, शुश्रूषा यांची व्यवस्था बाईंनीं नेटानें लावली. तरी मृत्यु वाढतच गेले, आणि १८५५ च्या फेब्रुवारींत शेंकडा सुमारें ४२ रोगी दगावले. मार्चमध्यें इंग्लंडहून आरोग्य-मंडळ आलें. त्यानें तुंबलेल्या मोऱ्या साफ करविल्या, पाणी व हवा यांची सोय सुधारली. जूनपर्यंत तेंच प्रमाण शेंकडा २ च्या आसपास उतरलें.

युद्ध संपल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साह्यानें बाईंनीं सर्व आंकडे पुन्हां तपासले, आणि १८५८ सालीं ते रंगीत चक्राकृतींत मांडले. जखमांनीं मेलेले थोडे. टाळतां येण्याजोग्या रोगांनीं मेलेले कितीतरी अधिक! त्या चक्रांतील सर्वांत मोठी पाकळी १८५५ च्या जानेवारीची, म्हणजे बाई स्वतः तेथें अहोरात्र खपत असतांनाची आहे. ती त्यांनीं झांकली नाहीं. आपल्या कष्टांविरुद्धहि साक्ष देणारा आंकडा जगापुढें ठेवणें, यास आम्ही खरें धैर्य म्हणतों.

पुढें १८६० सालीं लंडनच्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढें त्यांनीं सर्व इस्पितळांसाठीं एकाच नमुन्याचे नोंदतक्ते सुचविले. कारण उघड आहे. एका इस्पितळांत ज्यास ताप म्हणतात त्यास दुसरें भलतेंच नांव देईल, तर तुलना कशाची करावयाची? नोंद सारखी नसेल, तर पुढचें सारें गणित व्यर्थ होय.

मोजमापानें दया कोरडी होते, अशी पुष्कळांची समजूत असते. आम्हांस तसें वाटत नाहीं. रोग्याच्या उशाशीं बसून मन कितीहि द्रवलें, तरी कोणता उपाय त्यास वांचवील हें मन सांगूं शकत नाहीं. आजहि रात्रपाळीची परिचारिका नाडी व ताप मोजून तक्त्यावर टिपते, तेव्हां ती दयेचाच जमाखर्च लिहीत असते. आणि तो खरा लिहिला गेला, तरच उद्यांचा रोगी वांचेल.