हयातीत आणि पश्चात

दस्त लिहिण्याची म्हणून मराठीत एक भाषा आहे. कविता लिहिणाऱ्याला तिचं काय, असं कुणी म्हणेल. पण मला ती फार आवडते. 'हक्कसोडपत्र' हा शब्द घ्या. हक्क अरबीतून आला, सोड इथल्या मातीतली, पत्र संस्कृत. तीन घरची तीन माणसं एका शब्दात गुण्यागोविंदानं नांदतात. ज्यांच्यासाठी कागद केला ते सख्खे भाऊ नांदतीलच असं मात्र नाही. या भाषेत दोन शब्द पुन्हा पुन्हा येतात. 'माझ्या हयातीत' आणि 'माझ्या पश्चात'. हयात अरबी, तिचा अर्थ जगणं. पश्चात संस्कृत. या दोन शब्दांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. आपल्या कायद्यानं शतकानुशतकं विचार केला तो पश्चातचा. म्हाताऱ्या माणसाच्या हयातीची आठवण त्याला फार उशिरा झाली.

मृत्युपत्र ही गोष्ट जुन्या धर्मशास्त्राला ठाऊकच नव्हती. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वरानं याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' लिहिली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मापासूनच असतो, असं तिनं सांगितलं. मग बापानं लिहून ठेवायचं काय? मुलगा नसेल तर दत्तक घ्यायचा. दत्तक हीच त्या काळची म्हातारपणाची आणि पश्चातची तरतूद. विधवेच्या नशिबी बहुधा पोटगी आणि माजघराचा कोपरा.

इस्लामी शरीयतीत वसीयत पहिल्यापासून आहे, पण तिला कुंपण आहे. साद बिन अबी वक्कास हे पैगंबरांचे सहकारी. आजारी असताना त्यांना आपली बरीचशी दौलत दानात देऊन टाकायची होती. पैगंबरांनी त्यांना एक तृतीयांशावर थांबवलं, आणि तेही पुष्कळच झालं असं बजावलं. मागच्यांना लोकांपुढे हात पसरायला लावू नये, हा त्यामागचा भाव. म्हणून आजही मुसलमान माणूस वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून अधिक मिळकत मृत्युपत्रानं देऊ शकत नाही. ज्याच्यापाशी काही देण्यासारखं आहे त्यानं वसीयत लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्री काढू नयेत, असंही हदीस सांगते. आमच्या मोहल्ल्यांत ही हदीस पुष्कळांना पाठ आहे. वसीयत मात्र क्वचितच कुणाच्या पेटीत सापडते.

या शरीयतीत 'मर्ज-उल-मौत' अशी एक कल्पना आहे. म्हणजे ज्यातून माणूस उठत नाही ते शेवटचं दुखणं. त्या दुखण्यात दिलेल्या बक्षिसालाही वसीयतीप्रमाणे एक तृतीयांशाची मर्यादा लागते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा हात धरून कागदावर कोण काय करून घेईल, हे त्या जुन्या पंडितांनी ओळखलं होतं.

मृत्युपत्राचा आजचा साचा आला तो इंग्रजी अमलात. १८७० च्या हिंदू विल्स ॲक्टनं बंगाल प्रांतात आणि मुंबई व मद्रास शहरांत हिंदूंचं मृत्युपत्र लेखी, सहीचं आणि दोन साक्षीदारांचं असलं पाहिजे, असं ठरवलं. मुंबईबाहेर मात्र तोंडी सांगितलेलं चालत होतं. १९२५ साली भारतीय उत्तराधिकार कायदा झाला, आणि १ जानेवारी १९२७ पासूनच्या सगळ्या हिंदू मृत्युपत्रांना लेखी नियम लागू झाला. म्हणजे पुणे-सातारा भागातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या पणजोबांनी चार पंचांसमोर बोललेला शब्दही कधीकाळी कायद्यानं मृत्युपत्र ठरू शकत होता. पुढे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं एकत्र कुटुंबातला आपला हिस्सा मृत्युपत्रानं देण्याची मोकळीक हिंदू माणसाला दिली. गोव्याची रीत निराळी. तिथं पोर्तुगीज वारशातून आलेल्या कायद्यानं मुलाबाळांसाठी निम्मी मिळकत राखीव ठेवली आहे. उरलेल्या निम्म्याचंच मृत्युपत्र करता येतं.

हा सगळा इतिहास पश्चातचा. माणूस डोळे मिटतो, तिथं कायदा डोळे उघडतो. पण डोळे मिटायच्या आधीची दहा-वीस वर्षं? शरीर थकलेलं, मिळकत थांबलेली, घर तेवढं नावावर. खरी परीक्षा त्या वर्षांत असते.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक होते. मुलानं सुचवलं, नंतरची कटकट नको, आत्ताच घर माझ्या नावावर करा. गुरुजींनी बक्षीसपत्र करून दिलं. वर्षभरात बाहेरच्या खोलीतली त्यांची खाट जिन्याखाली गेली. मुलगा दुष्ट नव्हता. घर त्याचं झालं होतं, एवढंच. मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र यांतला फरक गुरुजींना कुणी समजावला नव्हता. मृत्युपत्र पश्चात लागू होतं, आणि भान शाबूत आहे तोवर ते हवं तेव्हा बदलता येतं. त्याला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीही सक्तीची नाही. बक्षीसपत्र हयातीतच लागू होतं आणि एकदा नोंदवलं की मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. मुसलमानांच्या हिब्यात तर साधारणपणे ताबा दिल्याशिवाय देणं पुरंच होत नाही. देणारा हयात असतो, पण हक्कानं पाहुणा झालेला असतो.

कायद्याला हयातीची जाग हळूहळू आली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये पत्नी-मुलांच्या जोडीनं आई-वडीलही आले, आणि तेही सर्व धर्मांसाठी. पोटगीची कमाल मर्यादा महिना ५०० रुपये होती. ती २००१ साली उठली. १९८७ मध्ये कल्याणहून एका वडिलांचा खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला. मुलगी डॉक्टर होती. आई-वडिलांना सांभाळणं हे मुलाइतकंच मुलीचंही, लग्न झालेल्या मुलीचंही कर्तव्य आहे, असं न्यायालयानं सांगितलं. २०२४ च्या जुलैपासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे.

मग २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम आला. त्याचं कलम २३ गुरुजींसारख्यांसाठीच आहे. सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण ते देणं रद्द ठरवू शकतं. पण 'अटीवर' या शब्दात सारं आलं. अशी अट होती हे दाखवता आलं पाहिजे, असं २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं, हा कायदा वृद्धांच्या भल्याचा आहे, तो उदारपणे वाचावा, असंही सांगितलं आणि एका आईनं दिलेलं बक्षीसपत्र रद्द केलं. तरी देणाऱ्यानं ती एक ओळ कागदावर लिहून घ्यावी, हेच शहाणपणाचं. प्रेमाला अट नसते, पण दस्ताला असावी.

सर्वात अलीकडचा टप्पा आपल्या देहाचा आहे. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं 'लिव्हिंग विल'ला मान्यता दिली. बरं होण्याची आशाच उरली नाही, तर नुसत्या यंत्रांवर मला ठेवू नका, हे माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो. २०२३ मध्ये ही रीत सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढं पुरतं. हयातीविषयीचं असं मृत्युपत्र आपल्या पूर्वजांच्या स्वप्नातही आलं नसेल.

एक फट मात्र अजून उघडी आहे. पुष्कळजण मुलाला कुलमुखत्यारपत्र देऊन निश्चिंत होतात. पण १८७२ च्या करार कायद्यानुसार देणाऱ्याचं भान गेलं की मुखत्यारीही संपते. म्हणजे विस्मृतीचा आजार जडला की जेव्हा कागदाची खरी गरज, तेव्हाच तो निकामी होतो आणि घरच्यांना पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते. म्हणून जे लिहायचं ते भान शाबूत असताना, आणि शक्यतो मुलामुलींना समोर बसवून.

मृत्युपत्राचा विषय काढला की आपल्याकडे लगेच 'असं अभद्र बोलू नये' म्हणतात. हिंदू घरात म्हणतात, मुसलमान घरातही म्हणतात. या बाबतीत आपली एकी मोठी आहे. पण वाटणीची चर्चा अभद्र आणि जिन्याखालची खाट शुभ, हा कुठला न्याय? पश्चात जे व्हायचं ते मुलं आपापसांत बघून घेतील, कोर्टही बघेल. हयात मात्र आपली एकट्याची असते. आपला कागद वकिलाकडून आला की आधी एवढंच पाहा, 'माझ्या हयातीत' या शब्दांपुढे काही लिहिलं आहे का. तिथं जागा कोरी असेल, तर सही करू नका.