वारणानगर : ऊर्जा-स्वावलंबन
उसाच्या बगॅसवर (चिपाडावर) वाफ व वीज निर्माण करून खनिज इंधनाची टंचाई अंशतः पेलण्याची वारणा खोऱ्यातील वारणानगरची (ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर) क्षमता. तिचे मूळ तात्यासाहेब कोरे यांनी १९५० च्या दशकात उभारलेल्या सहकारी साखर कारखान्यात आहे. उसाच्या वजनाच्या सुमारे २८–३० टक्के बगॅस उरतो. त्यात निम्मे पाणी असूनही तो थेट बॉयलरमध्ये जळतो. उच्च दाबाची वाफ टर्बाइन फिरवते आणि तीच पुढे रस आटवते, एका इंधनात दोन कामे होतात (पहा : सहवीजनिर्मिती, साखर उद्योग). हे इंधन हंगामी आहे, हा आक्षेप खरा. पण बगॅस साठवता येतो. उसासाठी लागणारी पंपांची वीज, वाहतुकीचे डिझेल आणि रासायनिक खते बाहेरून येतात, हा आक्षेप अधिक गंभीर असून तेवढ्यापुरते हे खोरे आजही परावलंबी आहे.