प्रीतीची आज्ञा

इंग्रजी ख्रिस्ती विवाहांत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय वाचण्याची चाल आतां इतकी रूढ झाली आहे कीं, तो नवरानवरीसाठींच लिहिला असावा असें ऐकणारास वाटतें. वस्तुतः त्याचा विवाहाशीं कांहीं संबंध नाहीं. करिंथ येथील लहानशी मंडळी आपसांत भांडत होती. कोण कोणाचा अनुयायी, कोणाचें आध्यात्मिक दान श्रेष्ठ, यांवरून तिच्यांत तट पडले होते. प्रभुभोजनाच्या वेळींहि कांहीं जण पोटभर जेवत व कांहीं उपाशी राहत. अशा मंडळीस इ. स. ५५ च्या सुमारास पौलानें जें बजावलें, त्यांतलेंच हें प्रीतीचें प्रकरण. भांडखोर शेजाऱ्यांना दिलेली समज पुढें प्रेमिकांचें स्तोत्र कशी झाली, ह्या प्रश्नांत ख्रिस्ती प्रीति व अर्वाचीन प्रेमकल्पना यांमधील पुष्कळसा भेद सांठविलेला आहे. आणि तो उलगडावयास एका शब्दाचा इतिहास फार उपयोगी पडतो.

ग्रीक भाषेंत प्रेमवाचक शब्द एकाहून अधिक होते. ‘एरॉस’ म्हणजे ओढ. जें सुंदर आहे व आपणांजवळ नाहीं, त्याची तहान. प्लेटोनें आपल्या ‘सिंपोझियम’ ह्या संवादांत हिलाच शिडी कल्पून, सुंदर देहापासून सौंदर्याच्या मूलतत्त्वापर्यंत मनुष्यास चढविलें. ‘फिलिया’ म्हणजे समशीलांचें सख्य. ह्या दोहोंपुढें ‘अगापे’ हें नाम अगदींच गरीब. परंतु नव्या करारांत ‘एरॉस’ एकदांहि आलेला नाहीं आणि ‘अगापे’ पानोपानीं आहे. म्हणून तो शब्द जन्मतःच पवित्र होता असें मात्र समजूं नये. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरांत, अम्नोनानें आपल्या बहिणीवर बलात्कार करण्यापूर्वी त्याला जी वासना जडली होती, तिलाहि हाच शब्द लाविला आहे. शब्दाला मोठेपण आलें तें त्याच्या नव्या उपयोगानें. शत्रूवर प्रीति करा, शेजाऱ्यावर प्रीति करा, आणि शेजारी कोण असें विचाराल तर वाटेंत जखमी पडलेल्या परक्याची शुश्रूषा करणारा तो शोमरोनी पाहा, ह्या शिकवणीनें तो भरला गेला.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. ही प्रीति आज्ञा म्हणून सांगितलेली आहे. ओढीला आज्ञा करतां येत नाहीं. अमक्यावर आसक्त हो असें सांगून कोणी आसक्त होत नाहीं. ज्या अर्थी आज्ञा आहे, त्या अर्थी ही प्रीति मुख्यतः संकल्पाची व हातांची गोष्ट आहे. हृदयाच्या धडधडीची नव्हे. पौलाच्या त्या अध्यायांतहि प्रीतीचें वर्णन करणारे मूळचे शब्द बहुतेक क्रियापदेंच आहेत. प्रीति कशी वाटते हें तो सांगत नाहीं. ती काय करते व काय करीत नाहीं, एवढेंच सांगतो.

पहिल्या कांहीं शतकांतील ख्रिस्ती मंडळ्यांनीं हा अर्थ कसा घेतला, याची साक्ष इतिहासांत आहे. तिसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास रोमन साम्राज्यांत भयंकर सांथ पसरली. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याचें त्या वेळचें पत्र यूसीबियसानें आपल्या इतिहासांत जतन करून ठेविलें आहे. आजाऱ्यांची सेवा करतां करतां आपले पुष्कळ बंधु त्याच रोगानें मेले, असें तो लिहितो. चौथ्या शतकांत बेसिल ह्या बिशपानें कप्पदुकियांतील कैसरिया नगराबाहेर गरिबांसाठीं व रोग्यांसाठीं वसाहतच उभारली, आणि तिच्यांत, ज्यांना सगेसोयरेहि हात लावीत नसत अशा महारोग्यांना जागा दिली. त्या महारोग्यांत ‘एरॉस’ला आकर्षून घेईल असें काय होतें? ही प्रीति पात्रतेचा शोध करीत नाहीं, हाच तिचा विशेष.

पुढें लॅटिन भाषांतरांत ‘अगापे’चा ‘कारितास’ झाला. ऑगस्टीनानें त्या शब्दांत ईश्वराची तहानहि ओतली. त्यामुळें मूळची कल्पना गढूळ झाली, असा आक्षेप स्वीडनचे धर्मशास्त्रज्ञ अँडर्स नीग्रेन यांनीं १९३० नंतरच्या आपल्या ग्रंथांत घेतला. पुष्कळांना तो टोकाचा वाटला. आपणांस त्या वादांत शिरण्याचें कारण नाहीं. ‘कारितास’पासून इंग्रजींत ‘चॅरिटी’ आला, आणि त्याच्यावरून जें भांडण झालें तेंच आपल्या विषयाला अधिक उपयोगाचें आहे.

१५२६ सालीं विल्यम टिंडल यानें जर्मनींतील वर्म्स येथें नवा करार इंग्रजींत छापविला व ‘चॅरिटी’च्या जागीं सरळ ‘लव्ह’ हा शब्द घातला. सर टॉमस मोर यांनीं १५२९ सालीं त्यावर कडक टीका केली. त्यांचें म्हणणें असें कीं, ‘लव्ह’ हा बाजारी शब्द. तो भल्याबुऱ्या सर्व आसक्तींना लागतो. ‘चॅरिटी’ म्हणजे सदाचारी व सुनियमित प्रेम. हा भेद पुसून टाकणें म्हणजे धर्माची हानि करणें होय. टिंडलनें १५३१ सालीं उत्तर दिलें. ‘चॅरिटी’चा सामान्य लोकांत अर्थ दानधर्म किंवा दयाभाव एवढाच आहे, असें त्यानें दाखविलें; शिवाय त्या शब्दाला क्रियापद नाहीं, तेव्हां शेजाऱ्यावर ‘चॅरिटी’ करा असें इंग्रजींत म्हणावयाचें तरी कसें? आणि ज्या प्रीतीचें क्रियापद होत नाहीं, ती आज्ञेंत कशी मावणार?

दोघांचेंहि म्हणणें खरें होतें, ही ह्या वादांतील शोकांतिका. दोघांचा अंतहि तसाच झाला. १५३५ सालीं आठव्या हेन्रीच्या आज्ञेनें मोर यांचें मस्तक उडविण्यात आलें. १५३६ सालीं ब्रसेल्सजवळ व्हिल्व्होर्ड येथें टिंडलला गळा आवळून मारून त्याचें प्रेत जाळण्यात आलें. मोर चॅन्सलर असतांना कांहीं पाखंडी जिवंत जाळले गेले होते, हेंहि विसरतां येत नाहीं. प्रीतीला कोणता शब्द लावावा यावरून भांडणारें तें युग प्रीतीच्या आज्ञेला किती जागलें, याचा निकाल वाचकांनींच करावा.

१६११ सालच्या राजमान्य भाषांतरांत ह्या अध्यायांत ‘चॅरिटी’ परत आला. परंतु टिंडलची भीति खरी ठरली. शब्दाचा अर्थ आकसत आकसत भिक्षा व वर्गणी एवढाच उरला. १८६९ सालीं लंडनमध्यें ‘चॅरिटी’ची शिस्तवार व्यवस्था लावणारी संस्थाहि निघाली. आपलें सर्वस्व गरिबांस वांटून टाकलें तरी प्रीतीवांचून तें व्यर्थ आहे, असें पौल म्हणतो. तें वाक्य ‘चॅरिटी’ शब्दानें वाचलें म्हणजे सर्व दान केलें तरी दानावांचून व्यर्थ, असें विचित्र होऊन बसे. अखेर १८८१ सालच्या सुधारलेल्या भाषांतरानें ‘लव्ह’ पुन्हा आणिला.

पण एवढ्या अवधींत ‘लव्ह’हि पूर्वीचा राहिला नव्हता. बाराव्या शतकांतील प्रोव्हान्सच्या कवींनीं परस्त्रीच्या अप्राप्य प्रेमाला उपासनेचा दर्जा दिला होता. १७६१ सालीं रूसोची ‘ज्यूली’ व १७७४ सालीं गटेचा ‘वेर्थर’ ह्या कादंबऱ्या निघाल्या, आणि प्रेम म्हणजे मनुष्यावर कोसळणारी, त्याच्या इच्छेस न जुमानणारी व स्वतःचेंच समर्थन असणारी भावना, हें मत सुशिक्षित यूरोपांत घरोघर पोहोंचलें. पुढच्या शतकांतील कादंबरीनें व विसाव्या शतकांतील बोलपटानें तेंच सर्व जगभर नेलें. ह्या मतानुसार प्रेम ओसरलें कीं बंधनहि संपलें. कारण भावनेला वचन देतां येत नाहीं. डेन्मार्कचा तत्त्वज्ञ कीर्केगार्ड यानें १८४७ सालीं ‘प्रीतीचीं कृत्यें’ ह्या ग्रंथांत नेमकें ह्यावरच बोट ठेविलें. आवडीनें केलेलें प्रेम आवडीबरोबर बदलतें. जें कर्तव्य झालें तेंच बदलापासून सुरक्षित, असें त्याचें प्रतिपादन आहे.

तरीहि अर्वाचीन कल्पनेला केवळ दोष देऊन मोकळें होणें न्यायाचें नाहीं. कर्तव्य म्हणून सांगितलेली प्रीति जुलमाचें हत्यार होऊं शकते, हें महाराष्ट्रानें पाहिलें आहे. रखमाबाईंचा विवाह त्यांच्या बालपणींच झाला होता. त्या नांदावयास येत नाहींत म्हणून त्यांच्या पतीनें १८८४ सालीं मुंबईच्या हायकोर्टांत दावा लाविला. १८८५ सालीं न्या. पिन्ही यांनीं रखमाबाईंच्या बाजूनें निकाल दिला. परंतु अपिलांत तो फिरला, आणि १८८७ सालीं न्या. फॅरन यांनीं नांदावयास जा नाहींतर तुरुंगांत जा असा हुकूम केला. रखमाबाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ सालीं तडजोड झाली व पुढें त्या डॉक्टर झाल्या. ज्या कायद्याखालीं हें घडलें त्याचें मूळ इंग्लंडांतील ख्रिस्ती धर्मन्यायालयांत होतें! येथें पक्ष कोणाचा घ्यावा? स्त्रीच्या मनाला कांहीं मोल आहे, हें अर्वाचीन प्रेमकल्पनेनें ठसविलें, ही तिची पुण्याई मान्य केलीच पाहिजे.

परंतु ह्यावरून आज्ञेचा खरा अर्थहि स्पष्ट होतो. ‘प्रीति कर’ ही आज्ञा ज्याच्या त्याला आहे. ती दुसऱ्याकडून वसूल करण्याचा दस्तऐवज नव्हे. मला प्रीति मिळालीच पाहिजे असें म्हणणारा पति त्या आज्ञेचा आधार घेऊं शकत नाहीं; उलट, बायकोचें हित तिच्या इच्छेविरुद्ध आपल्या घरांत आहे काय, असा प्रश्न ती त्यालाच विचारते. धर्मन्यायालयांनीं आज्ञेचा हक्क बनविला. प्रणयकथेनें आज्ञाच काढून टाकली. दोहोंनींहि शेजाऱ्याला विसरून स्वतःच्या प्राप्तीकडे पाहिलें.

मराठी बायबलांत ह्या ठिकाणीं ‘प्रीति’ हा शब्द रूढ झाला. आमच्या काव्यनाटकांत तो नायकनायिकांचाहि शब्द आहे, तेव्हां मोर यांची शंका मराठींतहि घेतां येईल. तिचें उत्तर कोशांत नाहीं, केडगांवीं आहे. पंडिता रमाबाईंनीं लहान वयांत आपले आईबाप दुष्काळांत गमावले होते. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या व उपासमारीनें हाडांचे सांपळे झालेल्या शेंकडों मुलीबायकांना घेऊन आल्या. त्यांतूनच ‘मुक्ति’ ही संस्था वाढली. ह्याच बाईंनीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक मुळावरून बायबलाचें मराठी भाषांतर करण्याचें काम अंगावर घेतलें व १९२२ सालीं मृत्यूपूर्वी तें पुरें केलें. त्यांच्या मतांतराविषयीं महाराष्ट्रांत कडू वाद झाले. पण ज्या हातांनीं अनोळखी, रोगट, पुष्कळदां कृतघ्नहि मुलींना न्हाऊंमाखूं घातलें, त्याच हातांनीं तें भाषांतर लिहिलें. टिंडलला क्रियापद हवें होतें. तें शब्दकोशांत सांपडो वा न सांपडो, माणसांच्या आयुष्यांत सांपडल्याखेरीज नामाला अर्थ येत नाहीं.