फ्रिजवरच्या चुंबकाचा अंतराळातला भाऊबंद

फ्रिजवरचं जाहिरातीचं लवचिक चुंबक उलटं लावून बघा. छापील बाजू चिकटतच नाही. त्या रबरी पट्टीत चुंबकत्वाची दिशा टप्प्याटप्प्याने अशी वळवलेली असते की सगळं बळ एका अंगाला येतं. हीच युक्ती 2011 पासून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर कृष्णपदार्थाचा माग काढते आहे, हे कळल्यापासून मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला फ्रिजपाशी नेतो.

हा माग घेतला जातो वैश्विक किरणांत; त्यांची आधीची कथा सर्वश्रुत आहे. 1912 मध्ये व्हिक्टर हेसने बलूनमधून वैश्विक किरण शोधले, 1932 मध्ये कार्ल अँडरसनला त्यांच्यात पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धनभारित जुळा, सापडला. कण धन की ऋण, हे तो चुंबकात कुठे वळतो यावरून कळतं. तेव्हा असे कण अंतराळातच ओळखायचे तर तिथे चुंबक न्यायलाच हवं. पण साधं चुंबक पृथ्वीच्या क्षेत्रात होकायंत्राच्या सुईसारखं वळू पाहणार आणि स्थानकालाही ओढणार. म्हणून भौतिकशास्त्रज्ञ सॅम्युएल टिंग यांच्या ‘एएमएस’ या कणशोधक यंत्रासाठी चीनमध्ये निओडिमियम चुंबकाच्या 6000 हून अधिक ठोकळ्यांचं, 64 भागांचं कडं बनवलं गेलं. कड्यावरून एक फेरी मारली की चुंबकत्वाची दिशा दोन फेऱ्या घेते. आत क्षेत्र एकसारखं, बाहेर जवळपास काही नाही.

या रचनेला नाव आहे बर्कलीच्या क्लाउस हालबाख यांचं. माझी तक्रार इथेच आहे. जॉन मॅलिन्सन यांनी 1973 मध्येच एकतर्फी चुंबकत्वावर शोधनिबंध लिहिला होता. ते होते टेपरेकॉर्डरवाल्या अँपेक्स कंपनीत! त्यांनी शीर्षकात त्याला ‘नवलाची गोष्ट’ म्हटलं, वर प्रश्नचिन्हही दिलं. हालबाखपक्षीय म्हणतात, हालबाख यांनी हे स्वतंत्रपणे शोधलं आणि कणत्वरकांसाठी कामाला लावलं. कबूल. पण टेपवर चुंबकत्व हवं तसं उमटवता येतं, तेव्हा ही कल्पना आधी टेपवाल्याला सुचावी यात नवल नाही. अँपेक्स आणि बर्कली एकाच सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दोन काठांवर! फरक एवढाच, की मॅलिन्सनपाशी या रचनेची गरज नव्हती; हालबाखपाशी गरजही होती आणि दुर्मिळ मृदा-कोबाल्टची दमदार चुंबकंही. नाव त्यांचं झालं ते त्यामुळेच, असं माझं ठाम मत आहे. जनकत्व मात्र मी टेपलाच देतो.

असं कडं घेऊन स्थानकावर गेलेल्या एएमएसला पॉझिट्रॉन अपेक्षेपेक्षा जास्त दिसले. कुणी त्याचं श्रेय कृष्णपदार्थाला देतं, कुणी पल्सार ताऱ्यांना.

गंमत म्हणजे हे कडं पुन्हा जाणारच नव्हतं. 1998 मध्ये ते डिस्कव्हरी यानातून चाचणीला जाऊन आलं होतं. पुढच्या यंत्रासाठी कितीतरी बलवान अतिवाहक चुंबक तयार झालं. पण त्याला थंड ठेवणारं द्रवरूप हेलियम तीनेक वर्षांत संपलं असतं आणि स्थानकाचं आयुष्य तर वाढलं होतं. 2010 मध्ये, उड्डाण तोंडावर आलेलं असताना, नवं चुंबक काढून जुनं कडं बसवलं. क्षेत्र कमकुवत झालं, कण कमी वळणार. म्हणून त्यांचा मार्ग टिपणारे सिलिकॉनचे थर दूर दूर सरकवले, म्हणजे तेवढंसं वळणही मोजता यावं.